धुतलेली किनार

१

राणीचा झगा चोरीला गेला, आणि त्याची सोनेरी किनार मात्र चोर मागे ठेवून गेला.

नाट्यगृहाच्या मागच्या अंगाला चार पायऱ्या उतरलं की कपडेपट लागायचा. नाटकांचे पोशाख ठेवायची, शिवायची, रफू करायची ती लांबट खोली. तिथं राजे खुंटीला टांगलेले असत, शिपाई घड्या घालून फळीवर निजलेले असत आणि खलनायकांचे कोट तुटक्या बटणांनिशी दुरुस्तीची वाट बघत असत. सगळ्यांत आतल्या कपाटात, एकट्या मानानं, राणीचा झगा. नाटक मंडळीच्या पहिल्यावहिल्या नाटकातला. दाट लोकरीचा, डाळिंबी, पायघोळ. आणि खाली वीतभर रुंद खऱ्या जरीची किनार. ते नाटक आता पुन्हा उभं राहायचं होतं, आणि राणीला तोच झगा हवा होता.

त्या सकाळी इस्त्रीवाल्या काकांनी कुलूप काढलं, कपाट उघडलं, आणि जन्मात कधी "अगं बाई" न म्हणालेला तो पुरुष "अगं बाई" म्हणाला.

हँगर रिकामा. कपाटातली आणि कपाटाखालची फरशी पुसून लख्ख केलेली. बाकी खोलीवर मात्र कालचीच धूळ. आणि इस्त्रीच्या टेबलावर, पांढऱ्या पंचावर, जरीची किनार वळ्या घालून ठेवलेली. टाका न् टाका हलक्या हातानं उसवून काढलेली, कुठं एक तार तुटलेली नाही. हात लावावा तर दमट, आणि वास साबणाचा.

"मावशी, बोभाटा नको," मॅनेजर म्हणाला. कानाला फोन लावून तो पायऱ्यांवरच उकिडवा बसला होता. "पोलीस नकोत मला. खेळ तोंडावर आलाय."

"मग मला कशाला फोन केलास? मी कोण, भाजीवाली?"

"तू निवृत्त झालीस आता. आणि घरची आहेस."

"म्हणजे पोलीस हवाय, पण गणवेशाशिवाय," पलीकडून आवाज आला. "येते. पायऱ्या किती आहेत ते आधी सांग."

२

फौजदारबाईंचा गुडघा त्यांच्याआधीच नोकरीतून निवृत्त झाला होता. तरी चार पायऱ्या त्या कण्हत उतरल्या, आणि उतरल्यावर मात्र कण्हणं विसरून किनारीकडे बघत राहिल्या. सकाळपासून मॅनेजरनं तिच्याजवळ कुणाला फिरकू दिलं नव्हतं.

"किल्ल्या कुणाकुणाकडे?"

"माझ्याकडे, काकांकडे आणि थोरलीकडे," मॅनेजर आवाज खाली करून म्हणाला. "आणि मावशी, मला विचारशील तर कोडं सुटलेलंच आहे. थोरलीनंच लपवलाय. गेला महिनाभर कानीकपाळी ओरडतेय, झगा अंगावर चढवू नका, त्याचा जीव राहिला नाही, काचेत ठेवा. तिचं ऐकलं नाही मी. तिनं तिचं खरं केलं."

"आणि ठरलीच ती चोर, तर?"

"तर तिला काढावं लागेल." तो खाली बघत म्हणाला. "सोमवारी विश्वस्तांची बैठक आहे. नाव मागतील ते."

फौजदारबाईंनी खिडकीकडे बघितलं. थोरलीची माहिती त्यांना येतानाच रखवालदारानं पुरवली होती. केस काळे होते तेव्हापासून ती या कपडेपटात आहे. नवरा होता, मूल होईना म्हणून दुसरीकडे गेला. माहेर आटलं. मग जे काही होतं ते इथं: खिडकीखालचा लाकडी बाक, कात्री, बोटात घालायचं अंगुस्तान आणि फाटक्या राजांची रांग. बाक गेला तर बाईचं सगळंच गेलं.

खिडकीखाली दोघी बसल्या होत्या. थोरली, हाडापेरानं मोठी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आणि तिच्याशेजारी धाकटी, तिची मदतनीस, चिमणीसारखी सावध. झगा गेला तरी शिपायांच्या बाह्या शिवायच्या राहिल्याच होत्या. थोरली शिवता शिवता गुणगुणत होती, आपण गातोय हे तिला ठाऊकही नसावं.

"ओठांनी भिजे दोरा, सुई उघडिते डोळा,
टाक्यात टाका येता, जीव होई बाई गोळा..."

"कुणाचं हे गाणं?" फौजदारबाईंनी विचारलं.

"बाकाचं." थोरली हसली. "माझ्याआधी जी इथं बसायची तिनं मला शिकवलं, मी हिला. बसा ना बाई. चोर पकडायचा तर बसूनही पकडता येईल."

थोरलीनं बाहीतून एक जुना दोरा उसवून काढला, सुईत ओवायला तोंडाकडे नेला. तेवढ्यात धाकटीनं तो अक्षरशः हिसकला. "द्या ताई, मी ओवते. तुमची नजर..."

"माझी नजर ठणठणीत आहे गं! महिना झाला बघतेय, सुई हातात घेतली की झडप घालतेस. मी काय म्हातारी झाले?"

धाकटीनं शेजारच्या पाण्याच्या वाटीत बोट बुडवलं, दोऱ्याचं टोक भिजवलं, सुई ओवली आणि परत दिली. बोट पदराला पुसलं. पुन्हा पुसलं.

"जुनाच दोरा का वापरता?" फौजदारबाईंनी विचारलं. "बाजारात काय दोरे मिळत नाहीत?"

"मिळतात. पण नवा दोरा जुन्या कापडाला कापतो," थोरली म्हणाली. "म्हणून त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून दोरा काढायचा आणि त्याच कपड्याला लावायचा. पुठ्ठ्याला गुंडाळून ठेवतो आम्ही. एक पत्र्याचा डबाभर आहे... अगं, डबा कुठं गेला?"

धाकटीची सुई थांबली.

"कालपासून दिसत नाहीय," ती म्हणाली. ती थोरलीकडे बघत नव्हती, फौजदारबाईंकडेही नाही.

म्हणजे चोरानं झगा नेला, तुटक्या दोऱ्यांचा डबा नेला, आणि मोलाची जर धुऊन ठेवली. फौजदारबाईंनी उभ्या नोकरीत नाना तऱ्हेचे चोर बघितले होते. कचरा घेऊन जाणारा आणि जाताना फरशी पुसणारा हा पहिलाच.

३

इस्त्रीवाले काका वाफेच्या ढगात उभे होते. वयानं सगळ्यांत मोठे, बोलण्यात सगळ्यांत मोकळे.

"काका, झग्याला कसर कशी लागली नाही इतकी वर्षं? लोकर ती."

"कसरीची काय बिशाद!" काकांनी इस्त्री आपटली. "लोकर खाणारा किडा तो, पण आमच्या कपाटात शिरला की उलटा पडायचा. मी पोरगा होतो तेव्हा काम काय होतं माझं? डीडीटी मारायची. पांढरी पावडर. खोऱ्यानं! झग्याच्या अस्तरात, शिवणीत, बाह्यांत. तेव्हा काय, ढेकणाला तीच, डासाला तीच, उवांना तीच. मग म्हणे बंदी आली. आम्हीही सोडली. पण बाई, माल बघा त्या वेळचा. मारून जमाना झाला, अजून कसर फिरकत नाही."

"अजून आहे म्हणता ती पावडर?"

"झटका की अजून धूर निघतो झग्यातून. मागच्या महिन्यात मी हेच सांगत होतो धाकटीला. तिला भारी कौतुक. किती मारायचात, कशाकशावर मारायचात, खोदून खोदून विचारत होती."

"आणि थोरली?"

"थोरलीला काय, तिला सवय. ती म्हणाली, त्या पावडरीनंच कपडे जगले नि कपड्यांवर मी जगले. चांगल्या जिवाची बाई हो ती. देवानं..." काकांनी वाक्य गिळलं, मग कॉलर दाबत हळूच म्हणाले, "या बाकाला काहीतरी आहे बघा. आधीची होती, तिलाही मूलबाळ नाही. मग थोरली. आता या धाकटीचे दोनदा दिवस गेले आणि दोनदा रिकामी झाली. नटनट्यांना पोरं होतात, झाडूवालीला होतात. बाकावरच्या बाईला नाही. लोक काहीबाही बोलतात."

"काय बोलतात?"

"राणीची नजर आहे म्हणतात. नाटकात राणी वांझ आहे ना."

फौजदारबाईंना हसू आलं नाही. त्यांना स्वतःला तीन मुलगे झाले होते, एकामागून एक, शिंका याव्यात तसे. त्यामुळे असल्या दुःखाजवळ गेलं की त्यांना नेहमी चोरी केल्यासारखं वाटे, दुसऱ्याच्या वाटचं खाल्ल्यासारखं.

"काका, आणखी एक. फरशी पुसून जाणारा चोर झगा उघडा नेणार नाही. इस्त्री झालेल्या कोटांवर घालायच्या त्या लांब प्लास्टिकच्या पिशव्या, त्या कुणी मागून नेल्या का?"

काकांनी चमकून वर बघितलं. "तुम्हाला कसं कळलं? परवाच. जावईबापूंनी. दिव्यांवर धूळ बसते म्हणाले."

४

जावईबापू म्हणजे धाकटीचा नवरा. नाट्यगृहाचे दिवे तो सांभाळायचा. थोरलीनं धाकटीला बहीण मानलं तेव्हापासून त्याला ती जावईबापू म्हणायची, आणि मग सगळं नाट्यगृहच म्हणू लागलं.

रंगमंचाच्या वर, शिडी चढून जावं अशा माळ्यावर त्याची माणसांहून जास्त माया असलेली दिव्यांची फलटण होती. फौजदारबाईंनी शिडीकडे बघितलं, गुडघ्याकडे बघितलं, आणि खालूनच हाक मारली.

"जावईबापू! वर झगा आहे का?"

वर काहीतरी खणकन पडलं.

"क... कसला झगा?" एक डोकं खाली डोकावलं. "बाई, वर दिवेच आहेत. राणी वर आली तर मीच पडेन खाली."

"लोक सांगतात, तुम्ही दर वाक्याला विनोद करता."

"करतो ना."

"मग हा एवढा वाईट का झाला?"

डोकं नाहीसं झालं. फौजदारबाई पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसल्या. त्यांना आता झगा कुठं आहे ते कळलं होतं, नेला कुणी हेही जवळजवळ कळलं होतं. कळत नव्हतं ते एवढंच, की का.

तेवढ्यात मॅनेजर धावत आला. "मावशी, चल. विश्वस्तांपैकी एक आलेत. पोलिसांना बोलवा म्हणतात. मी दोघींना कचेरीत उभं केलंय."

कचेरीत धाकटीचा चेहरा कागदासारखा झाला होता. विश्वस्त साहेब टेबलावर बोटं वाजवत होते. "शेवटचं विचारतो," ते म्हणाले. "नाहीतर तुम्हा दोघींना चौकीवर जावं लागेल."

धाकटीनं तोंड उघडलं. "साहेब, मी..."

"मी घेतला," थोरली म्हणाली. शांत, जशी टाचणी टोचून घ्यावी तशी. "तिचा काही संबंध नाही. झगा मी घेतला."

५

विश्वस्त साहेब समाधानानं उठले. मॅनेजरचे खांदे पडले. धाकटी भिंतीला टेकली.

"बसा," फौजदारबाई थोरलीला म्हणाल्या. "काय केलंत झग्याचं?"

"जाळला."

"का?"

"फाटून जाणार होता लोकांसमोर. लाज वाटली मला. माझ्या हातचा कपडा आहे तो."

"जाळायचाच होता, तर किनार का उसवली?"

"खऱ्या जरीची आहे. उद्या दुसऱ्या कपड्याला लागेल."

"बरोबर. आणि फरशी का पुसली?"

थोरली थांबली. "कचरा... पडला असेल."

"आणि जर साबणानं का धुतली?"

"धुतली?" थोरलीचा आवाज एकदम चढला, आपण गुन्हेगार आहोत हे ती क्षणभर विसरली. "जर साबणानं धुतली? कुणी? अहो, चांदी असते आत! काळी पडेल ती! एवढं साधं कळत नाही? कुठंय किनार? अजून ओली आहे का? कोरड्या फडक्यात दाबून ठेवा कुणीतरी!"

ती उठलीसुद्धा. मग सगळे आपल्याकडे बघतायत हे तिच्या ध्यानात आलं, आणि ती हळूच परत बसली.

"साहेब," फौजदारबाई म्हणाल्या, "पोलीस बोलवायला हरकत नाही. पण या बाईनं झगा घेतलेला नाही, हे आत्ता तुमच्यासमोर तिनंच सिद्ध केलं. संध्याकाळपर्यंत झगा मिळेल. तोवर कुणाचं नाव घेऊ नका."

मग थोरलीला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "तिला का पाठीशी घालताय?"

थोरली चष्मा पुसत राहिली. "काल जाताना मी तिला बादली नि फडकं घेऊन आत शिरताना बघितलं, माझ्याच किल्लीनं. का केलं ते मला ठाऊक नाही बाई. विचारलंही नाही. दोनदा कूस रिकामी झालीय तिची. अशा बाईनं वेड्यासारखं काही केलं तर तिला चौकीवर न्यायचं? मला न्या. मला कोण रडणार आहे?"

६

रिकाम्या नाट्यगृहात आवाज वेगळा येतो. तिघं पहिल्या रांगेत बसली: मधे फौजदारबाई, एका बाजूला धाकटी, दुसऱ्या बाजूला तिचा नवरा, ज्याला आता एकही विनोद सुचत नव्हता.

"मी सांगते, चुकलं तर थांबवा," फौजदारबाई म्हणाल्या. "किनार इतकी सुरेख उसवलीय की ती जरीचं काम येणाऱ्या हातानंच उसवली. पण ज्याला जरीचं कळतं तो ती साबणानं धुणार नाही. थोरलीचा जीव कसा वरखाली झाला, बघितलंत. मग कळूनसवरून धुतली कुणी? जर काळी पडण्यापेक्षा मोठी कसली तरी भीती ज्या हाताला होती, त्या हातानं. ते कपाट पुसलं त्याच भीतीनं. दोऱ्यांचा डबा नेला त्याच भीतीनं. आणि झगा प्लास्टिकमध्ये बांधला, तोही त्याच भीतीनं. चोराला झगा नको होता. झग्यातलं काहीतरी लोकांना लागायला नको होतं."

धाकटी मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

"काकांनी सांगितलं तेव्हा मला पावडर कळली. पण पावडर सगळ्या कपड्यांत आहे, कपडे सगळे घालतात, आणि काका तर तिच्यात लोळले. मग बाकावरच्या बायकांचंच काय? तेव्हा ते गाणं आठवलं. ओठांनी भिजे दोरा. बाकी सगळे कपड्याला हात लावतात. तुम्ही दोघी त्याच्या शिवणीतला, पावडर मुरलेला दोरा काढता आणि दिवसातून शंभरदा तोंडात घालता. तू आता वाटीतलं पाणी घेतेस. आणि थोरलीच्या हातातली सुई हिसकतेस. नजर अधू झाली म्हणून नव्हे."

धाकटी रडू लागली. आवाज न करता, सवयीचं रडू.

"दुसऱ्यांदा गेलं ना," नवराच बोलू लागला, "तेव्हा डॉक्टरबाईंनी विचारलं, काम काय करता. हिनं सांगितलं. मग म्हणाल्या, त्या दोऱ्यांतला थोडा आणून द्या, तपासायला पाठवू."

"म्हणून डबा."

"आधी थोडेच दोरे दिले होते," धाकटी नाक पुसत म्हणाली. "काय निघालं ते त्यांनी सांगितलं, आणि मग मला डबा तिथं ठेववेना. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे अंगात शिरलं की लवकर जात नाही, चरबीत साठून राहतं, वर्षानुवर्षं. बायकांची पाळी, गर्भ राहणं, टिकणं, यात ते ढवळाढवळ करत असावं असा संशय आहे. मी विचारलं, माझी दोन्ही त्यानंच गेली का? तर म्हणाल्या, त्यानंच गेली असं मी म्हणणार नाही. त्यानं नाही गेली असंही म्हणणार नाही. पण ते तोंडात घालणं आजपासून बंद."

"मग हे मॅनेजरला सांगायचं सोडून..."

"मॅनेजर ताईंना बोलावणार ना लगेच! त्यांच्यासमोर सांगावं लागणार!" धाकटी एकदम उसळली. "बाई, ताईंचा नवरा गेला तो कशापायी? सासूनं काय काय नावं ठेवली असतील? त्या सगळ्यातून बाहेर येऊन त्या बाकावर हसतायत. मला माझ्याएवढं जपलं कुणी नाही. त्यांना जाऊन सांगू, की ज्या बाकानं तुम्हाला सांभाळलं, त्यानंच कदाचित... आता ते कळून त्यांना काय मिळणार? वय गेलं त्यांचं. आणि खेळासाठी आता रोज त्या हाच झगा दुरुस्त करणार होत्या, शिवण न् शिवण उसवून. सगळ्यांत जास्त पावडर यात. मी हिसकणार तरी किती सुया?"

फौजदारबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग त्या म्हणाल्या, "तुला माहीत आहे, ती का चोर झाली?"

"मला वाचवायला."

"तू का नेलास हे तिला माहीत नाही. तरी झाली. ज्या बाईत एवढं बळ आहे, तिला खरं सोसणार नाही असं तू कुठल्या मापानं मोजलंस?"

७

थोरली बाकावर आपली कात्री फडक्यात गुंडाळत होती. अंगुस्तान आधीच पिशवीत गेलं होतं. धाकटी तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं, अडखळत, मधेच मागे जाऊन, पुन्हा पुढे येऊन. फौजदारबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी कितीतरी गुन्हेगारांचे चेहरे उतरताना बघितले होते. निर्दोष माणसाचा चेहरा बघायला त्यांना धीर होईना.

सगळं ऐकून झाल्यावर थोरलीचा हात आपोआप ओठांकडे गेला, आणि तिथंच राहिला.

"म्हणजे," ती म्हणाली, "माझ्यात खोट नव्हती?"

"तसं नक्की नाही सांगता येत, ताई. डॉक्टरबाई म्हणतात, शक्यता..."

"शक्यता आहे?"

"आहे."

"मला कुणी कधी शक्यतासुद्धा दिली नव्हती गं." थोरलीचा आवाज अगदी बारीक झाला. "सगळ्यांनी नक्कीच सांगितलं. मीही धरून चालले. एवढी वर्षं मी या पोटाशी बोलत नव्हते. वैर धरलं होतं त्याच्याशी. भूक लागली तरी राग यायचा, म्हणायची, तुला कशाला घालू खायला, तू काय दिलंस मला?"

मग ती रडली. मोठ्यानं, मोकळं, नाकपाण्याचं भान न ठेवता. धाकटी तिच्या गुडघ्यांना मिठी मारून "चुकलं माझं, सांगायला नको होतं" म्हणत राहिली, आणि थोरली तिच्या डोक्यावर थापटत "गप गं, गप, वेडे" म्हणत राहिली, आणि कोण कुणाची समजूत काढतंय हे फौजदारबाईंना दाराशी उभं राहून कळेना. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, आणि पाठीमागे आलेल्या भाच्याला कोपर मारून पायऱ्यांवर परत पाठवला.

पण थोरली रडून उठली ती वेगळीच बाई होऊन. डोळे पुसले आणि हाक मारली, "मॅनेजर! लपून काय बसलात, या इकडे! जावईबापू, तुमचं ते गाठोडं माळ्यावरच राहू दे, सोडू नका. काका, वाफ बंद करा, एकही जुना कपडा झटकायचा नाही आता. खिडक्या उघडा. ज्यांना या कपड्यांतलं कळतं, सफाईचं कळतं, अशी माणसं आणा मॅनेजर, हातमोजे घालून येतील ती. तोवर खोलीला कुलूप."

"आणि राणी?" मॅनेजर रडवेला झाला. "राणी काय घालणार?"

"राणीला मी नवा शिवते. नव्या कापडाचा, नव्या दोऱ्यानं. बाक बाहेर काढा, व्हरांड्यात उजेड चांगला आहे."

"पण विश्वस्त..."

"विश्वस्तांना मी सांगते," फौजदारबाई पुढे झाल्या. "चोरी झाली नाही. झगा नाट्यगृहाबाहेर गेलाच नाही. आणि त्यांच्या कपाटात काय आहे नि कुणाच्या तोंडी गेलंय, हे बाहेर कळायला नको असेल, तर या दोघींच्या तपासण्यांची सोय तेच करतील. आधी बाकावर होती तिलाही शोधा. जिवंत असेल तर तिलाही कळू दे."

मॅनेजरनं मान हलवली. मग जरा वेळानं, घाबरत, थोरलीजवळ जाऊन म्हणाला, "ताई, मी तुम्हाला चोर म्हणालो."

"तुम्हीच काय, मीही म्हणाले," थोरली म्हणाली. "बाकाची ती बाजू धरा."

पुढच्या आठवड्यात तपासणीला जायच्या दिवशी तिनं धाकटीला हटकून बरोबर घेतलं, आणि धाकटीनं फौजदारबाईंना. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत पोटुशा बायका होत्या, कडेवर मुलं घेतलेल्या होत्या, खुर्च्यांखालून एक रांगतं बाळ फिरत होतं. अशा खोलीत थोरली उभ्या आयुष्यात फिरकली नव्हती. ती ताठ बसली, पर्स मांडीवर, कुणी ऊठ म्हणेल अशी. रांगतं बाळ तिच्या चपलेपाशी आलं, तिनं पाऊल हळूच मागे घेतलं. मग पुन्हा पुढे केलं, आणि बाळाला चपलेच्या बंदाशी खुशाल खेळू दिलं.

नाव पुकारलं. आतल्या टेबलाशी बसलेली नर्स तरुण होती, घाईत होती, आणि खाली बघूनच विचारत होती. वय. काम. किती वर्षं. मग तसंच, मान वर न करता, "मुलं किती?"

फौजदारबाईंनी उगीचच गुडघा चोळला.

थोरलीनं नर्स वर बघेपर्यंत वाट पाहिली.

"नाहीत," ती म्हणाली. "का नाहीत, ते विचारायला आलेय."